काचेच्या धाग्यांची गाडी

भोसरीच्या एमआयडीसीत आमची शेड होती. शेड म्हणजे वर सिमेंटचे पत्रे, आत सहा-सात साचे, दोन कामगार आणि बाबा. शाळेला सुट्टी लागली की मी आईने दिलेला डबा घेऊन तिथे जायची आणि संध्याकाळी बाबांच्या स्कूटरवर मागे बसून परत यायची. रेझिनचा, म्हणजे कामातल्या त्या चिकट राळेचा, वास रस्त्याच्या वळणावरच गाठायचा. गोडसर, पण नाकाच्या शेंड्याला टोचणारा. तो बाबांच्या कपड्यांना लागून घरी यायचा, आणि आई ते कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची, कारण वासाबरोबर काचही यायची. डोळ्यांना न दिसणारी, पण कातडीला कळणारी काच.

बाबा फायबरग्लासची कामं करायचे. बागेतल्या घसरगुंड्या, मशीनची झाकणं, बसच्या सीटा, पाण्याच्या टाक्या. साच्याला आधी मेण लावून चकचकीत घासायचं, मग त्यावर जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, तो जरा बसला की काचेच्या धाग्यांचा मॅट अंथरायचा, ब्रशने रेझिन ठोकत ठोकत मुरवायचं आणि रोलर फिरवून आतली हवा काढायची. हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पुढे तिथेच तडा जायचा. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट ढवळायचं, नंतर हार्डनर. ती दोन एकमेकांत थेट कधीही मिसळायची नाहीत, भडका उडतो, हे मला पाढ्यांबरोबर शिकवलं गेलं. उन्हाळ्यात हात भराभर चालवावे लागायचे, कारण डबा संपायच्या आत रेझिन जेलीसारखं व्हायचं. जॉब तयार झाला की लाकडी पाचर घालून हलक्या हाताने ठोकायचा, आणि साचा एकदम सोडून द्यायचा. त्या क्षणाचा एक आवाज असतो, चिकट आणि खोल. त्या आवाजाला बाबा दर वेळी हसायचे.

हत्यारांच्या कपाटाच्या दाराला आतून एक फोटो चिकटवलेला होता. कुठल्याशा परदेशी मासिकातून कापलेला. पांढरी गाडी, छप्पर नाही, आत लाल सीटा, पुढे दातांसारखी चकाकणारी जाळी, दिव्यांवर बारीक तारांची झाकणं. मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "ही कॉर्व्हेट. अमेरिकेतली आहे. आपल्याच मालाची आहे."

आपल्याच मालाची म्हणजे पत्र्याची नव्हे, काचेची. मला ते पटेना. घसरगुंडी जिची होते तिचीच मोटार? बाबांनी मला एका घसरगुंडीच्या खाली वाकायला लावलं. वरून ती आरशासारखी गुळगुळीत होती, आणि खालून खरखरीत, धागे दिसणारी, ब्रशच्या खुणा राहिलेली. "बाहेरची बाजू साचा देतो," ते म्हणाले. "आतली आपण द्यायची." शेवटचा हात देण्याआधी ते त्या खरखरीत बाजूवर मार्करने तारीख आणि तिघांची आद्याक्षरं लिहायचे, मग वरून रेझिनचा पातळ थर. अक्षरं त्यात कायमची बुडायची. गिऱ्हाइकाला ती कधी दिसायची नाहीत.

पुढे मी इंजिनिअर झाले, दुसऱ्याच क्षेत्रात गेले, पण ती गाडी सोबत राहिली. जसजसं तिच्याबद्दल वाचत गेले तसतसं मला वाटू लागलं की कॉर्व्हेटची सगळी गोष्ट बाबांच्या त्या दोन बाजूंचीच आहे.

बाहेरची बाजू हार्ली अर्ल यांनी दिली. जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचे हे प्रमुख, लॉस एंजेलिसच्या एका घोडागाड्या आणि मोटारींच्या बॉड्या बांधणाऱ्या घरातले. मोटार आधी मातीत घडवून पाहायची, ही पद्धत अमेरिकेत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. दुसरं महायुद्ध संपल्यावर युरोपातून परतलेल्या सैनिकांनी एमजी आणि जॅग्वारसारख्या छोट्या, दोन सीटांच्या, चपळ गाड्यांची आवड सोबत आणली होती. मोठ्या अमेरिकी कंपन्यांकडे तसं जवळपास काहीच नव्हतं. त्यांच्या गाड्या लांबलचक, सोफ्यासारख्या. अर्ल यांनी गुपचूप एक प्रकल्प सुरू केला. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ठेवला 102 इंच, जॅग्वार एक्सके 120 चा होता तेवढाच. आणि 17 जानेवारी 1953 रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात, मोटोरामा नावाच्या कंपनीच्या झगमगीत प्रदर्शनात, ती पांढरी गाडी लोकांसमोर आली. सहाच महिन्यांत, 30 जूनला, मिशिगनमधल्या फ्लिंट गावात तिचं उत्पादन सुरू झालं. एखाद्या प्रदर्शनातल्या गाडीचं सहा महिन्यांत विकाऊ गाडीत रूपांतर होणं आजही सहसा कुणाला जमत नाही.

ते जमलं फायबरग्लासमुळे. पोलादी पत्रा दाबायचा तर त्याला जडशीळ डाय, म्हणजे दाबाचे साचे, लागतात, त्या बनवायला वेळ आणि अफाट पैसा लागतो, आणि तो खर्च लाखभर गाड्या विकल्या तरच निघतो. इथे पहिल्या वर्षी बांधल्या फक्त 300. फायबरग्लासचे साचे त्या मानाने स्वस्तात आणि झटपट होतात. युद्धाच्या काळात रडारचे घुमट आणि होड्या यासाठी हे साहित्य वापरून झालं होतं, पण एवढ्या मोठ्या कंपनीने आख्खी मोटार त्याची करावी हे धाडस होतं. ओहायोतल्या अ‍ॅश्टाब्युला गावच्या रॉबर्ट मॉरिसन यांच्या कारखान्याने बॉडीचे भाग पुरवले. फ्लिंटमध्ये कामगारांनी ते हाताने जुळवले, चिकटवले, घासले. सगळ्या 300 गाड्या एकाच रंगाच्या, बाहेरून पांढऱ्या आणि आतून लाल.

यातली एक गोष्ट मी बाबांना फोनवर वाचून दाखवली तेव्हा ते किती तरी वेळ खूश होते. मोटारीत बॅटरीची एक तार दिव्यापर्यंत जाते आणि परतीचा प्रवाह गाडीच्या लोखंडी अंगातूनच होतो. अंगच काचेचं असेल तर परतीची वाटच नाही. सुरुवातीच्या कॉर्व्हेटमध्ये नेमका हाच घोळ झाला, आणि मग प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थची तार द्यावी लागली. "अरे, हे आम्हाला विचारायचं ना!" बाबा म्हणाले. त्यांनी एकदा एका कंट्रोल पॅनेलचं झाकण करून दिलं होतं, तेव्हा तिथल्या वायरमनची हीच पंचाईत झाली होती. मी दुसरी गोष्ट सांगितली, की काच विजेच्या वाटेत येते पण रेडिओच्या लहरींच्या वाटेत येत नाही, म्हणून त्यांनी रेडिओची अँटेना मागच्या डिकीच्या झाकणातच, फायबरग्लासच्या थरात गाडून टाकली. त्यावर बाबा काही बोलले नाहीत. मला वाटतं ते मनातल्या मनात तो थर लावून पाहत होते.

नावही तेव्हाच मिळालं. कंपनीतले फोटोग्राफर मायरन स्कॉट यांनी ते सुचवलं. कॉर्व्हेट म्हणजे छोटी, वेगवान युद्धनौका, महायुद्धात मालवाहू ताफ्यांची राखण करणारी. आपल्याकडे हा शब्द मोटारीआधी नौदलातून आला. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस खुकरी ही कॉर्व्हेटच होती.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. देशातला तो अशा प्रकारचा पहिला. आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिलेल्या कितीतरी शेव्हरोले तिथे जोडलेल्या. शेव्हरोले हे जनरल मोटर्सचंच एक नाव, आणि कॉर्व्हेटही त्याच नावाखाली विकली जायची. तो कारखाना 1954 मध्ये बंद झाला. म्हणजे फ्लिंटमध्ये ही पांढरी गाडी जन्मली आणि पुढच्याच वर्षी तिच्या घराण्याने मुंबईतून गाशा गुंडाळला. त्या वर्षांत जन्मलेल्या माझ्या बाबांना ती पाहायला मिळाली ती मासिकातल्या कागदावरच.

आता आतली बाजू. खरं सांगायचं तर ती फार वाईट होती. एवढ्या देखण्या अंगाखाली शेव्हरोलेच्या साध्या गाडीचं सहा सिलिंडरचं जुनं इंजिन होतं. त्यावर तीन कार्बोरेटर बसवून ते 150 अश्वशक्तीपर्यंत ओढलेलं. त्याला जोडलेला गिअरबॉक्स दोनच गिअरचा, तोही ऑटोमॅटिक. दाराला बाहेरून मूठ नाही, आत हात घालून उघडायचं. वर-खाली होणाऱ्या काचा नाहीत, त्याऐवजी बाजूला लावायचे पडदे. पावसात पाणी आत येई. आणि किंमत 3,498 डॉलर. स्पोर्ट्स कारच्या शौकिनांना ती मऊ वाटली, आणि ज्यांना आराम हवा होता त्यांना गैरसोयीची. 1954 मध्ये उत्पादन मिझुरीतल्या सेंट लुइसला हलवलं, 3,640 गाड्या बांधल्या, आणि त्यातल्या पुष्कळशा विकल्याच गेल्या नाहीत. 1955 मध्ये तर जेमतेम 700. त्याच वर्षी फोर्डने थंडरबर्ड आणली, आणि तिने एका वर्षात सोळा हजारांचा आकडा ओलांडला. कंपनीत कॉर्व्हेट बंद करायची बोलणी सुरू झाली होती. थंडरबर्ड आली म्हणूनच ती थांबली असावीत, प्रतिस्पर्ध्यापुढे माघार घेणं कुणाला आवडत नाही. पण गाडी वाचवायला नुसती ईर्षा पुरत नाही. कुणाला तरी तिच्यावर जीव लावावा लागतो.

तो माणूस 1953 च्या त्या मोटोरामात गर्दीत उभा होता. झोरा आर्कस-डंटॉव्ह. याच्याबद्दल मी थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्या मते कॉर्व्हेट ही गाडी म्हणजे हा माणूस.

जन्म ब्रुसेल्समध्ये, 25 डिसेंबर 1909. आईवडील रशियन ज्यू. वडील खाणींचे इंजिनिअर, आई वैद्यकीय विद्यार्थिनी. बालपण सेंट पीटर्सबर्गमध्ये, ज्याचं नाव त्यांच्या डोळ्यांदेखत बदलत गेलं. क्रांती, उपासमार, मग कुटुंब बर्लिनला. तिथे इंजिनिअरिंगचं शिक्षण, मोटारसायकली, शर्यतींचं वेड. नाझी आल्यावर बर्लिन सुटलं, पॅरिसला आले. 1940 मध्ये फ्रान्स पडला तेव्हा झोरा आणि धाकटा भाऊ युरा फ्रेंच हवाई दलात होते. बायको एल्फी, पॅरिसच्या रंगमंचावरची नर्तकी, जर्मन फौजा शहरात शिरण्याच्या बेतात असताना आपली छोटी एमजी घेऊन एकटी दक्षिणेकडे निघाली आणि नवऱ्याला जाऊन मिळाली. स्पेन, पोर्तुगाल असं करत सगळे वर्षअखेरीस न्यूयॉर्कला पोचले. एवढी गावं सुटलेल्या माणसाला गाडी म्हणजे काय वाटत असेल, याचा मी अनेकदा विचार करते. त्याच्या घरच्यांचा जीव एका गाडीने अक्षरशः वाचवला होता.

न्यूयॉर्कमध्ये भावाबरोबर त्यांनी कंपनी काढली, फोर्डच्या व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरच्या, इंजिनांसाठी आर्डन नावाचे सिलिंडर हेड बनवले, ते पुढे वेगवेड्या पोरांमध्ये दंतकथा झाले. कंपनी मात्र टिकली नाही. त्रेचाळिशीतला, हाती फारसं काही न उरलेला हा इंजिनिअर मोटोरामात ती पांढरी गाडी पाहतो. तिच्या रूपाने भारावतो आणि आतलं इंजिन कळल्यावर खट्टू होतो. मग शेव्हरोलेला पत्र लिहितो. गाडी सुंदर आहे, मला तुमच्याकडे काम करायचं आहे. 1 मे 1953 रोजी ते जनरल मोटर्समध्ये रुजू झाले, पहिली कॉर्व्हेट बाहेर पडायच्या दोन महिने आधी.

त्याच डिसेंबरात या नव्या नोकराने वरिष्ठांना एक टिपण लिहिलं. त्यातला मुद्दा असा की अमेरिकेतली तरुण पोरं मासिकं उघडतात तेव्हा त्यांना पानोपानी फोर्डच दिसते. इंजिन उघडून त्यात सुधारणा करणारा पोरगा फोर्डवरच वाढतो आणि पुढे फोर्डच विकत घेतो. त्याला आपल्याकडे ओढायचं तर वाट पाहण्यात अर्थ नाही. वेगासाठी लागणारे सुटे भाग कंपनीनेच तयार करून द्यावेत, आणि त्याची सुरुवात कॉर्व्हेटपासून करावी. बाजाराची भाषा बोलणाऱ्या कंपनीत एका निर्वासिताने पोरांच्या हातांची भाषा बोलून दाखवली. त्या पोरांना नुसती चालवायला गाडी नको होती, उघडायला हवी होती.

1955 मध्ये शेव्हरोलेचे मुख्य इंजिनिअर एड कोल यांच्या चमूने बनवलेलं नवं व्ही-8 इंजिन कॉर्व्हेटमध्ये बसलं आणि अंगात प्राण आला. जानेवारी 1956 मध्ये डंटॉव्ह यांनी स्वतः फ्लोरिडातल्या डेटोना बीचच्या वाळूवर ती ताशी 150 मैलांवर नेली. प्रयोगशाळेतल्या आकड्यांवर त्यांचा विश्वास होता, पण स्वतःच्या पाठीवर जास्त. त्याच वर्षी दारांना मुठी आणि वर-खाली होणाऱ्या काचा आल्या. 1957 मध्ये इंधन थेट पिचकारीने देणारी यंत्रणा आली, आणि 283 घनइंचांच्या इंजिनातून 283 अश्वशक्ती मिळाली. घनइंचाला एक अश्वशक्ती. थंडरबर्डने 1958 मध्ये मागच्या सीटा लावून घेतल्या आणि ती कुटुंबाची गाडी झाली. दोन सीटांची कॉर्व्हेट एकटी उरली, आणि त्या एकटेपणातच तिचं खरं वय सुरू झालं.

1960 ची ल मांची शर्यत. चोवीस तास न थांबता चालणारी. अमेरिकी शर्यतवीर ब्रिग्ज कनिंगहॅम यांनी तीन पांढऱ्या कॉर्व्हेट फ्रान्सला नेल्या. शेवटच्या तासांत जॉन फिच आणि बॉब ग्रॉसमन यांच्या गाडीचं इंजिन तापलं, पाणी संपलं, आणि नियमानुसार ठरावीक फेऱ्या झाल्याशिवाय नवं पाणी भरता येत नव्हतं. मग चमूने बर्फ आणून इंजिनाभोवती रचला. गाडी रांगत रांगत फेऱ्या मारायची, थांबायची, पुन्हा बर्फ, पुन्हा एक फेरी. गाडी आठवी आली आणि आपल्या वर्गात पहिली. बाबांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, मे महिन्यात आम्हीही रेझिनचा डबा बर्फाच्या परातीत ठेवतोच की.

आता 1963 ची स्टिंग रे. मला विचाराल तर याहून देखणी गाडी अमेरिकेने बनवली नाही. अर्ल निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी बिल मिचेल. त्यांच्या हाताखाली लॅरी शिनोडा, जपानी वंशाचा अमेरिकी डिझाइनर. महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा पोरवयातला शिनोडा कॅलिफोर्नियातल्या मॅन्झनारच्या छावणीत होता. काटेरी तारांमागे वाढलेल्या या मुलाच्या हातून पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं चित्र म्हणून जगभर मिरवणारी गाडी उतरली. गाडीच्या मागच्या काचेतून मधोमध एक कणा जातो आणि काच दुभंगते. मिचेल यांना तो कणा हवाच होता, नाकापासून शेपटीपर्यंत वाहणारी ती एक रेघ होती. डंटॉव्ह यांचं म्हणणं, मागचं दिसत नाही. दोघांत कडाक्याची भांडणं झाली. मिचेल जिंकले, एका वर्षापुरते. 1964 मध्ये काच एकसंध झाली. आज त्या एका वर्षाच्या दुभंगलेल्या काचेसाठी लोक घर विकतील अशी अवस्था आहे.

मी यात डंटॉव्ह यांच्या बाजूची आहे. त्या गाडीत त्यांनी जे दिलं ते बाहेरून दिसतच नाही. मागची दोन्ही चाकं आता एकमेकांपासून स्वतंत्र उसळत होती. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्याला त्याची झळ लागत नाही, वळणावर गाडी चारही पायांनी जमीन धरून ठेवते. त्यासाठी वापरली एकच आडवी पाट्यांची स्प्रिंग, म्हणजे आपल्या ट्रकला असतात तसे पाटे, पण आडवे. असं काहीतरी शोधणाऱ्या माणसाला मागचं दिसावंसं वाटणं मला अगदी समजतं.

त्या दशकात अंतराळवीरही कॉर्व्हेटमधून फिरायचे. फ्लोरिडातले शेव्हरोलेचे विक्रेते आणि इंडियानापोलिस 500 ही शर्यत जिंकलेले जिम रॅथमन त्यांना वर्षाला एक डॉलर भाड्याने गाड्या द्यायचे. अपोलो 12 च्या तिघांच्या तर एकसारख्या सोनेरी-काळ्या. चंद्रावर जायच्या आदल्या आठवड्यात माणूस ज्या गाडीतून भाजी आणायला जात असेल तिचा रुबाब वाढणारच.

पुढची पंधरा वर्षं मी भराभर ओलांडते. प्रदूषणाचे नियम, तेलाचं संकट, आणि 1975 मध्ये साध्या कॉर्व्हेटची ताकद उतरून 165 अश्वशक्तीवर आली, जवळपास पहिल्या पांढऱ्या गाडीएवढी. त्याच वर्षी डंटॉव्ह निवृत्त झाले. इंजिन पुढे नको, चालकाच्या पाठीमागे हवं, हा त्यांचा ध्यास होता. तशा प्रायोगिक गाड्या त्यांनी एकामागून एक बांधल्या, आणि एकही दुकानात गेली नाही. तशी गाडी विकायला आली ती 2020 मध्ये. ते 1996 मध्येच गेले होते.

आणि कॉर्व्हेटच्या त्या नव्या पिढीबरोबर आणखी एक गोष्ट पहिल्यांदाच झाली. तिचं स्टिअरिंग कारखान्यातूनच उजव्या बाजूला लावून मिळू लागलं. आपल्या बाजूला. पण शेव्हरोलेने 2017 च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली होती. आमच्या घरापासून तासाभरावरच्या तळेगावच्या कारखान्यातून स्पार्क आणि बीट बाहेर पडायच्या, तोही 2020 च्या डिसेंबरात थांबला. शिवडीसारखीच चुकामूक पुन्हा एकदा.

2022 च्या ऑक्टोबरात बाबांना घेऊन मी केंटकीला गेले. दादा लुइव्हिलला राहतो. तिथून दक्षिणेला मोटारीने दोन तासांवर बोलिंग ग्रीन. 1981 पासून प्रत्येक कॉर्व्हेट याच गावात बनते, आणि कारखान्याजवळच तिचं संग्रहालय आहे. पिवळा शंकूसारखा घुमट, त्याला छेदून वर गेलेला लाल सुळका. डंटॉव्ह यांच्या अस्थी तिथेच ठेवल्या आहेत. बाबा त्यांच्यापुढे दोन मिनिटं उभे राहिले, चपला काढायच्या का असा प्रश्न त्यांनी मला डोळ्यांनीच विचारला.

12 फेब्रुवारी 2014 च्या पहाटे या घुमटाखालची जमीन खचली होती. तो सगळा प्रदेश चुनखडीचा, खाली गुहाच गुहा. जवळच जगातली सगळ्यात लांब गुहा आहे. आठ कॉर्व्हेट त्या खड्ड्यात गेल्या. कुणी माणूस तिथे नव्हता, एवढं नशीब. तीन गाड्या दुरुस्त केल्या आणि पाच तशाच ठेवल्या, चेचलेल्या, मातीने माखलेल्या. लोक आज त्या पाहायलाच जास्त येतात.

बाबा त्या पाचांपुढून हलेनात. बाकीचे लोक गाड्या ओळखत होते, मॉडेलची वर्षं सांगत होते. बाबा तुटलेल्या कडा पाहत होते. साखळीच्या अलीकडून जेवढं वाकता येईल तेवढं वाकून ते मला दाखवू लागले. "हे बघ, हे हाताने थापलेलं नाही. प्रेसमध्ये दाबलंय, धागे बघ कसे सारखे पसरलेत. पत्रा असता तर चेपला असता, हे फाटलंय. आणि इथे बघ, इथे आधी कधीतरी दुरुस्ती झालीये." अठ्ठावीस वर्षं शेड चालवून, दहा वर्षांपूर्वी ती विकून टाकलेल्या माणसाला आपल्या मालाची चिरफाड इतक्या जवळून पाहायला मिळत होती. त्यांचा आवाज वाढला होता. बाजूचा एक म्हातारा अमेरिकन थांबून ऐकू लागला. त्याला मराठीतलं एक अक्षर कळत नव्हतं, पण बोट कुठे आहे ते कळत होतं. मग तोही वाकला.

दुरुस्त केलेल्या तिघींत एक पांढरी आहे, आतून लाल. 2 जुलै 1992 रोजी बाहेर पडलेली दहा लाखावी कॉर्व्हेट. पहिल्या 300 ची आठवण म्हणून त्याच रंगात बनवलेली. ती खड्ड्यातून काढून उघडली तेव्हा आतल्या भागांवर सह्या सापडल्या. कारखान्यातल्या कामगारांनी, आपण दहा लाखावी गाडी बांधतोय म्हणून, जो भाग ज्याच्या हाती आला त्यावर नाव लिहून ठेवलं होतं. दुरुस्ती करणाऱ्यांनी होता होईल तो एकही सही जाऊ दिली नाही. जिथे भाग बदलावाच लागला तिथे सहीची हुबेहूब प्रत नव्या भागावर उतरवली.

मी हे सगळं बाबांना सांगितलं. गाडी आमच्यासमोर उभी होती, नव्यासारखी, दिवे तिच्यावर चमकत होते. सही कुठेच दिसत नव्हती.

"मग नावं कुठायत?" बाबांनी विचारलं.

"आत. सगळं परत बसवल्यावर झाकली गेली."

त्यांनी मान हलवली. मग मोबाइलचा टॉर्च लावला आणि पुढच्या चाकाच्या वरच्या पोकळीत उजेड पाडून, गुडघ्यावर हात ठेवून, ते आतली बाजू पाहायला वाकले.